मामंजी आत आहेत

आमच्या घरात वाटणीवरून कधी भांडण झालं नाही, कारण वाटायला काही नव्हतंच. स्वयंपाकावरून झालं नाही, कारण पानात पडेल ते खायची सगळ्यांना सवय. आमच्याकडची यच्चयावत भांडणं जिन्याशेजारच्या एका चिंचोळ्या खोलीवरून झाली आणि अजूनही होतात. सकाळी उठलेला माणूस आत जाऊन आणि बाहेर येऊन माणसात येईपर्यंत त्याच्याशी कुणी बोलू नये, हे मी या घरात आल्यावर लवकरच शिकले.

ग्वाल्हेरच्या दाणा ओळीतलं आमचं घर म्हणजे खाली भाड्याने दिलेलं दुकान, वर तीन खोल्या आणि त्यावर गच्ची. संडास आणि न्हाणी पूर्वी वेगवेगळी होती. माझ्या लग्नानंतर काही वर्षांनी मधली भिंत काढून दोन्ही एक केली. इकडे सगळेच 'लेट-बाथ' एकत्र करवून घेत होते, आणि ठेकेदार म्हणाला की जागा वाढेल. जागा काही वाढली नाही, कटकटी वाढल्या.

ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, असं की भिंतींना आंघोळ घातल्याशिवाय स्वतःला आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. ते बाहेर आले की आत तळं. दाराला टेकून वायपर ठेवलेला असतो. तो काय शोभेला ठेवलाय का, हे मी रोज विचारते आणि ते रोज 'विसरलो' म्हणतात. मुलगी कॉलेजात जाते. ती आत गेली की अख्ख्या घराला पोटशूळ उठतो. तिच्या बाटल्या खिडकीत, तिचे केस जाळीत आणि तिचा फोन कानाला. ती आत बसून मैत्रिणींशी बोलते! हे पहिल्यांदा मामंजींच्या लक्षात आलं तेव्हा ते हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून बराच वेळ बंद दाराकडे बघत राहिले होते. मग मला हळूच विचारलं, "सूनबाई, आत दोघी आहेत का?"

मामंजी म्हणजे माझे सासरे. पुण्याकडच्या बायका हा शब्द ऐकून हसतात, पण ग्वाल्हेरला आम्ही अजून म्हणतो. ऐंशी कधीच ओलांडलेली. नोकरी सरकारी कचेरीत झाली, पण मूळ घराणं दक्षिणेतून संस्थानच्या पूजाअर्चेसाठी आणलेलं, त्यामुळे नेमधर्म हाडात. नळाला एक दिवसाआड पाणी, तरी बादली रिकामी ठेवून बाहेर यायचं नाही. पुढच्या माणसाला भरलेली बादली मिळाली पाहिजे. पाय धुताना टाचा कोरड्या राहता कामा नयेत, नाहीतर अवदसा घरात येते. पारोशाने स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. हे सगळं मी आनंदाने नाही, पण पाळलं. एक गोष्ट मात्र मला कधी पचली नाही, ती म्हणजे त्यांचं मौन.

ज्यांच्या घरी हे नाही त्यांच्यासाठी सांगते. शौचाला जाताना मामंजी जानवं उजव्या कानाला गुंडाळतात, आणि ते कानावर असेपर्यंत एक अक्षर बोलत नाहीत. हात-पाय धुवायचे, चूळ भरायची, जानवं कानावरून खाली घ्यायचं, मग तोंड उघडायचं. आंघोळीचं वेगळं. आंघोळीला बसले की मोठ्याने स्तोत्र म्हणतात, गल्लीत ऐकू जातं. पण त्याच्या आधीचा वेळ पूर्ण शांत. माझ्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कुणी भेटायला आलं म्हणून मी दारावर टकटक करून विचारलं, "मामंजी, त्यांना बसवू का?" आतून काही नाही. मी पुन्हा विचारलं. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि मला हाताला धरून बाजूला नेलं. "अगं, ते आत आहेत. कानाला जानवं आहे. आता ब्रह्मदेव आला तरी बोलायचे नाहीत."

माझं माहेर दौलतगंजात, इथून चालत गेलं तर दूध उतू जायच्या आत परत येता येईल एवढं जवळ. पण आम्ही मराठा, फौजेबरोबर आलेल्यांतले. आता कुणी औषधाच्या दुकानात तर कुणी रोडवेजमध्ये, पण आवाज अजून परेडीवरचे. माझं लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या अर्ध्या वऱ्हाडाने तोंडं वाकडी केली होती. माझे बाबा आंघोळीला गेले की मोहल्ल्याला कळायचं. ते आतून आईशी सगळ्या गोष्टी करायचे. मटार महाग झाले का, काकाचा फोन आला का, टॉवेल कुठे गेला, काल सांगितलेलं काम झालं का. आई वैतागायची. "बाहेर येऊन बोला, मी काय भिंतीशी बोलू?" म्हणायची. एक दिवस बाबा आत गेले आणि काही बोलले नाहीत. आईला वाटलं, बरं झालं, आज गप्प आहेत. तिने निवांत भाजी चिरली. दार फोडलं तेव्हा उशीर झाला होता.

तेव्हापासून बंद दारामागची शांतता मला सहन होत नाही. यात लपवण्यासारखं काही नाही आणि समजायला अवघड असंही काही नाही. मुलीच्या फोनवरच्या बडबडीवर मी चिडते, पण ती आत बडबडत असते तोवर माझा जीव जागेवर असतो.

सासूबाई होत्या तोवर मामंजींचं मौन हा त्यांचा प्रश्न होता. त्या दाराबाहेर पाटावर बसून तांदूळ निवडायच्या. त्या गेल्या आणि हा प्रश्न माझ्याकडे आला. हे मुरैन्याला नोकरीला, सकाळी लवकर निघतात. मुलगी कॉलेजात. माझी शाळा दुपारची. म्हणजे सकाळी घरात मी आणि मामंजी, आणि मामंजी आत. मी कणीक मळत असायची पण कान तिकडे. फ्लशचा आवाज आला की जरा श्वास सोडायचा, नळाचा आला की आणखी थोडा, आणि स्तोत्र सुरू झालं की मगच पोळ्या लाटायला घ्यायच्या.

मागच्या पावसाळ्यात ते आत घसरले. ह्यांच्या तळ्यातच. फार लागलं नाही, कोपर खरचटलं, पण नळ धरून उठायला वेळ लागला आणि हे सगळं त्यांनी आम्हाला दोन दिवसांनी सांगितलं, तेही मुलीने कोपरावरची खपली पाहिली म्हणून. त्या रविवारी ह्यांनी विषय काढला.

"बाबा, आता कडी लावायची नाही. नुसतं दार लोटून घ्यायचं. कोण येऊन राहिलंय आत?"

"कोणी येत नाही तर कडीने काय बिघडतं?"

"पडलात तर? कडी आतून. आम्ही काय करायचं?"

"घरात सून आहे, नात आहे," मामंजी म्हणाले. "दार लोटलेलं आणि मी आत, हे माझ्याच्याने होणार नाही. मला जंगलात जायला सांग, जाईन."

खरं सांगायचं तर त्यांचं मला पटत होतं. दार उघडं असतं आणि ते पडले असते, तर सकाळच्या वेळी त्यांना उचलायला आत कोण जाणार होतं? मीच. सासऱ्यांना त्या अवस्थेत कसं बघायचं, कुठे धरून उठवायचं, हे मनात आणतानाही मला लाज वाटायची. त्यांनाही तीच लाज होती. त्या कडीमुळे आम्हा दोघांचीही अब्रू झाकलेली होती आणि तीच कडी मला रोज सकाळी घाबरवत होती. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. म्हणून मी एवढंच मागितलं की कडी राहू दे, पण हाक मारली तर 'ओ' द्या. ते म्हणाले, ते शक्य नाही.

मग आला थंडीचा तो दिवस. बाहेर असं धुकं की समोरच्या घराची गच्ची दिसत नव्हती. मामंजी आत गेले. माझी कणीक झाली, भाजी झाली, फ्लशचा आवाज नाही. मी दाराशी गेले. "मामंजी, ठीक आहात ना?" काही नाही. ते मला माहीतच होतं, पण मी पुन्हा विचारलं, मग जोरात विचारलं, मग दार वाजवलं. आत अगदी सामसूम. नळाचं टपटपसुद्धा नाही. मला बाबा आठवले. त्यानंतर मी विचार केला नाही. जिन्यावरून खाली ओरडले, तर दुकानवाले भाईसाहब धावत वर आले आणि त्यांनी खांदा लावला. आमची कडी जुनी. दुसऱ्या धक्क्याला उखडून आली.

मामंजी कमोडवर बसले होते. कानाला जानवं, अंगावर शाल, डोळे आमच्यावर. त्यांनी उजवा हात वर केला, 'थांबा' म्हणून, जसा रहदारीचा शिपाई करतो तसा. तोंडातून शब्द नाही. भाईसाहब "माफ़ करना बाबूजी" म्हणत उलट्या पावली जिना उतरले. मी दार ओढून घेतलं, पण कडी तुटलेली, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा उघडत होतं, आणि मी तोंड फिरवून ते बाहेरून धरून उभी राहिले. आतून फ्लश झाला, पाणी पडलं, चूळ भरल्याचा आवाज आला. मग एकच वाक्य आलं. "सूनबाई, पोट साफ होत नाही, त्याला वेळ लागतो."

संध्याकाळपर्यंत ते माझ्याशी दुसरं काही बोलले नाहीत. मलाही राग आला होता. मी आजही म्हणते, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा दार तोडवीन. माणूस शरमेने मरत नाही, पण दाराआड एकटा मरतो, हे मी पाहिलेलं आहे.

संध्याकाळी चहावर पंचायत बसली. तुटलेली कडी ह्यांनी टेबलावर ठेवली होती. ती परत लावायची नाही असं ह्यांचं ठरलेलं. मामंजींचं म्हणणं, कडी लागेपर्यंत मी आत जाणार नाही.

"आजोबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही बस एक बार खाँस दो ना. आई विचारेल, आप खाँस देना. खाँसना तो अलाउड है?"

मामंजींनी खरोखर विचार केला. "आलेला खोकला वेगळा," ते म्हणाले. "काढलेला खोकला म्हणजे बोलणंच."

"मग टमरेल आपटा," मी म्हटलं.

"घरात टमरेल वाजवायचं? खाली दुकानात गिऱ्हाईक असतं."

"पाय आपटा."

"गुडघ्यांनी ऐकलं तर आपटेन."

"फ्लश ओढा," हे म्हणाले.

"व्हायच्या आधीच?"

मुलगी हसायला लागली, हेही हसले. मामंजी हसले नाहीत. "मी इतकी वर्षं आत जाऊन बाहेर आलेलो आहे," ते म्हणाले. तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "माझे बाबाही इतकी वर्षं जाऊन बाहेर येत होते. एक दिवस नाही आले." या घरात मी हे कधी काढलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, पण बोलून कुणी दाखवलं नव्हतं. मुलगी उठून कप धुवायला गेली, जे ती एरवी सांगूनही करत नाही.

दुसऱ्या दिवशी मामंजी टोपी घालून, काठी घेऊन स्वतः बाजारात गेले आणि नवी पितळी कडी घेऊन आले. चांगली जाडजूड. सुतारही बरोबर आणला. मी शाळेतून आले तेव्हा कडी लागलेली होती आणि ते तिला खोबरेल लावत होते. माझं डोकं सणकलं. म्हटलं, म्हाताऱ्याला कशाचंच काही नाही. पण मी चप्पल काढेपर्यंत तेच बोलले.

"तुमच्या वडिलांचं मला ठाऊक आहे, सूनबाई. मी त्यांना खांदा दिलेला आहे. मी आता माझा मुलगा घरी असेल तेव्हाच आत जाईन. तुम्हाला दाराशी उभं राहायला नको."

मी आत जाऊन चहा टाकला.

त्यांनी शब्द पाळला. भल्या पहाटे, ग्वाल्हेरच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, मुलगा निघायच्या आत ते उठून आत जायचे. पण पोटाला कुणाच्या नोकरीची वेळ कळत नाही. इसबगोल झालं, कोमट पाणी झालं, हिरडा झाला. कधी व्हायचं, कधी नाही. नाही झालं की दिवसभर तसेच बसायचे, संध्याकाळी मुलगा येईपर्यंत. चेहऱ्यावरून कळायचं. शेवटी मीच एक दिवस म्हटलं, "मामंजी, मी गच्चीवर कपडे वाळत घालायला चाललेय. मला उशीर लागेल. मला तिथून काही ऐकू येत नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शाल सावरली आणि आत गेले.

ऐकू येत नाही हे खोटं होतं. गच्चीवर संडासाचा पाइप वर निघालेला आहे. त्याच्याजवळ उभं राहिलं की खालचा फ्लश स्पष्ट ऐकू येतो. मी बादली घेऊन पाइपाशेजारी उभी राहायची, एकच चादर चारदा झटकायची, आणि खळखळ ऐकू आली की खाली यायची. शेजारच्या गच्चीवरून एक बाई विचारायच्या, "रोज़-रोज़ इतना क्या धोती हो?" मी म्हणायची, "घर में बुज़ुर्ग हैं." त्यांना त्यात काय अर्थ लागायचा देव जाणे. पण ही व्यवस्था चांगली चालली. कडी राहिली, मौन राहिलं, माझा जीवही राहिला. भांडायला पुन्हा फक्त वायपर आणि जाळीतले केस उरले.

मामंजी पडले ते शेवटी घरात पडलेच नाहीत. महाराज बाड्यावर, भर दुपारी, फळांच्या ठेल्यासमोर. पेरू चाचपून बघत होते, मागून कुणाच्या स्कूटीचा निसटता धक्का लागला. खुब्याचं हाड मोडलं. बाथरूमची फरशी, कडी, तळं, सगळ्यांवर आम्ही पहारा दिला आणि माणूस पडला तो पेरू घेताना. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले की काही दिवस पलंगावरून उतरायचं नाही.

याचा अर्थ काय ते मामंजींना आमच्या आधी कळलं. आता दारच नव्हतं. सामायिक खोली, चार पलंग, मधे हिरवे पडदे जे पूर्ण लागत नाहीत. त्यांनी जेवण टाकलं. दलिया दोन चमचे, दूध नको, फळ नको. हे म्हणाले की औषधांनी भूक मेली असेल. मला ठाऊक होतं की भूक मेलेली नाही. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर यायचा प्रश्न नाही, असा हा साधा हिशेब होता. मी रागावले. "अंगात ताकद नसेल तर उभे कसे राहाल?" म्हटलं. ते खिडकीकडे बघत राहिले. मुलाला मात्र त्यांनी सांगितलं होतं, मी बाहेरून ऐकलं, "ते करायची वेळ आली तर तू असायला पाहिजेस, नाहीतर दवाखान्याची बाई. सूनबाई नकोत." मला वाईट वाटलं. आणि हेही कळत होतं की त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

ज्या सकाळी वेळ आली, त्या सकाळी हे मुरैन्याला गेलेले. मी खाली औषधं आणायला गेले होते. वर येऊन बघते तर पडदा अर्धा उघडा, आणि मामंजींच्या पलंगाभोवती माणसंच माणसं. आया, नर्स, राउंडवर आलेला एक तरुण डॉक्टर.

"बाबूजी, अपना नाम बताइए," डॉक्टर वाकून विचारत होता. "ये कौन सी जगह है? आज कौन सा दिन है?"

मामंजी गप्प.

"कल तक तो ख़ूब बोल रहे थे," आया म्हणाली. "मैं कब से पूछ रही हूँ, हो गया क्या, हो गया क्या, जवाब ही नहीं देते. ऊपर से कान पकड़े बैठे हैं. कान में दर्द होगा."

डॉक्टर नर्सला म्हणाला की या वयात ऑपरेशननंतर डोक्यावर परिणाम होऊ शकतो, वाचा जाऊ शकते, डोक्याचं स्कॅन लगेच करवून घेऊ. त्याचं काही चुकत नव्हतं. म्हातारा माणूस काल बोलत होता, आज बोलत नाही. त्याने दुसरं काय समजायचं?

मी मामंजींकडे पाहिलं. कमरेपासून चादर, चादरीखाली बेडपॅन. उजव्या हाताला सलाइन. डावा हात छातीवरून पलीकडे नेऊन त्यांनी उजवा कान घट्ट धरला होता. ऑपरेशनच्या वेळी जानवं उतरवलं होतं, आणि नवं घालायचं तर आंघोळ हवी, म्हणून ते राहिलेलं. गुंडाळायला जानवं नव्हतं म्हणून त्यांनी हातानेच कान धरला होता. तीन माणसं अंगावर येऊन प्रश्न विचारत होती, पडदा उघडा होता, आणि ते आपला एवढासा नेम धरून बसले होते.

"डॉक्टर साहब," मी म्हटलं, "कान ठीक है. दिमाग़ भी ठीक है. ये बेडपैन पर हैं. जब तक हाथ धोकर कुल्ला नहीं कर लेंगे, बोलेंगे नहीं. हमारे यहाँ ऐसा ही है. आप थोड़ी देर में आ जाइए, फिर जितना पूछना हो पूछ लीजिए."

"पर मैडम, एक बार हूँ तो कर दें."

"नहीं करेंगे," मी म्हटलं. "सब लोग बाहर चलिए."

माझा आवाज माहेरचा निघाला असणार, कारण सगळे बाहेर झाले. मी पडदा ओढला. तो पुरत नव्हता, म्हणून जिथे फट राहत होती तिथे पाठ करून मी स्वतः उभी राहिले. समोरच्या पलंगावरचा माणूस बघत होता, त्याच्याकडे मी असं बघितलं की त्याने कूस बदलली. मागे काही आवाज नव्हता. बराच वेळ नव्हता. मी हाक मारली नाही.

मग आया आत गेली, बोलतच. हो गया ना, इतना क्या शरमाना, हम तो रोज़ सौ का करते हैं, बाबूजी तो बच्चे जैसे हैं. ती सगळं नीट करत होती, हात हलके होते, पण तोंडाला खळ नव्हती. मी तिला पाणी दिलं, साबण दिला, चूळ भरायला वाटी धरली. मामंजींनी शांतपणे हात धुतले, चूळ भरली, कानावरचा हात खाली घेतला. डॉक्टर परत आला तेव्हा त्यांनी आपलं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, शुद्ध हिंदीत सांगितलं, वार सांगितला, तिथी सांगितली, आणि दवाखान्याच्या जागी पूर्वी काय होतं तेही सांगितलं. डॉक्टर हसून पुढच्या पलंगाकडे गेला.

त्या दिवशी ते वाटीभर दलिया जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वेळ आली. आया पडदा सरकवून आत शिरली, "हाँ बाबूजी, चलो" म्हणत. मी माझं स्टूल उचलून बाहेर निघाले.

"सूनबाई," मामंजी म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, सलाइनच्या बाटलीकडे बघत होते. "त्यांना जाऊ द्या. तुम्हीच थांबा. ती बाई फार बोलते."

मी आयाच्या हातातून बेडपॅन घेतलं आणि पडदा आतून ओढून घेतला.